फुली मारलेली पपई

"फुली मारलीस? आई, तू तिच्यावर फुली मारलीस?"

"पिकली होती."

"पिकलीच होती. पिकली म्हणूनच आणली."

"अगं, अंगठा लावला तर आत गेला. पार नखापर्यंत. मग काय करणार?"

"खाणार. माणसं खातात, आई. पपई पिकली की माणसं ती खातात."

लेक ओल्या हातांनी मोरीच्या दारात उभी होती आणि ओट्याखालच्या लाल बादलीकडे बघत होती. बादलीत सकाळच्या चहाचा चोथा होता, अंड्याची टरफलं होती, आणि वर ती पपई. तिच्या अंगावर सुरीचे दोन खोल वार, एकमेकांना छेदून गेलेले, आणि त्या फटीतून काळ्या बिया चोथ्यात सांडलेल्या. ही पपई लेकीच्या अंगणातल्या झाडाची होती. झाड तिनं स्वतः लावलेलं, आणि त्याचं हे पहिलं फळ. दोन बस बदलून, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून आणलेलं. बसमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी उठून तिला जागा दिली होती, बाळ आहे असं समजून. लेकीनंही ते खोडून काढलं नव्हतं. आल्या आल्या तिनं ही गंमत आईला सांगितली, दोघी हसल्या, मग ती हात धुवायला आत गेली आणि बाहेर आली तर बाळ बादलीत.

आता आईच्या बाजूनं बोलायचं तर तिचा तरी काय दोष? तिला सगळे पट्टीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं गेलं तरच कुणाला आठवायचं. फळं कापून डब्यात भरण्याच्या कारखान्यात ती ऐन तरुणपणी लागली. एकदा कुणी साहेब तपासणीला आला, त्यानं तिनं कापलेल्या आंब्याच्या तुकड्याला मोजपट्टी लावली, मग दुसऱ्याला लावली, तिसऱ्याला लावली आणि काही न बोलता पट्टी खिशात टाकली. त्या दिवसापासून ती मोजपट्टी झाली, पुढे पट्टी, आणि केस पांढरे व्हायला लागले तशी पट्टीताई.

कारखान्याचं शास्त्र वेगळं असतं. तिथं पिकलेलं फळ म्हणजे शत्रू. पिकलेल्या फळाचा तुकडा धड कापला जात नाही, डब्यात पाणी सोडतो, पाणी गढूळ होतं आणि दुकानदार अख्खी खेप परत पाठवतो. म्हणून फळ हातात आलं की आधी अंगठा लावायचा. अंगठा रुतला तर सुरीनं फुली मारायची आणि लाल पिंपात टाकायचं. फुली अशासाठी, की ते चुकून पुन्हा टेबलावर येऊ नये, आणि कुणी पदराखाली घरीही नेऊ नये. नवीन आलेल्या पोरी पहिले काही दिवस हळहळतात. एखादी तर गुपचूप तुकडा तोंडात टाकते. मग हळूहळू अंगठा, फुली, पिंप हे सगळं हातच करायला लागतो, डोक्याला कुणी विचारत नाही. पट्टीताईच्या हातानंही आज डोक्याला विचारलं नव्हतं. त्यात घरातली ही बादलीसुद्धा कारखान्यातलीच, कडा फुटली म्हणून टाकून दिलेली.

शिवाय डोकं ठिकाणावर होतंच कुठं? ते आठवडाभर एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. लेक फोनवर म्हणाली होती, "रविवारी येते, एक बातमी आहे, आल्यावर सांगते." आणि वर बजावलं होतं, की स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, दहा मिनिटांत होईल असं काहीतरी करू, तुमच्या कारखान्यात डब्यात भरतात तो फळांचा साल्सा कर ना.

बातमी. पट्टीताईनं तो शब्द उशाशी घेऊनच आठवडा काढला. कारण तिच्याकडेही एक बातमी होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या बोटांतली जाण गेली होती. इतकी वर्षं बर्फासारख्या गार हॉलमध्ये उभं राहून आधी टोकं पांढरी पडायची, घरी येऊन गरम पाण्यात धरली की जाण परत यायची. मग यायला वेळ लागायला लागला. आणि मग यायचीच बंद झाली. मागच्या महिन्यात सुरी हातमोजा फाडून बोटात शिरली तरी तिला कळलं नाही. शेजारी अननस सोलणारी मैत्रीण कुजबुजली, "पट्टे, तुझा आंबा लाल कसा गं?" तेव्हा तिनं खाली बघितलं. टेबलावरचा सगळा माल पिंपात गेला. कारखान्याच्या डॉक्टरनं तिची बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि थंडीत काम आता नाही म्हणून सांगितलं. थंडीत नसलेलं काम त्या कारखान्यात नव्हतंच. सुपरवायझरनं सुरी परत घेतली, तीही दोन्ही हातांनी, जरा वाकून, सत्कार केल्यासारखी.

खोली कारखान्याची होती. काम गेलं की खोली जाते, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. महिनाअखेरीला रिकामी करायची. नवी येणारी मुलगी बघून गेलीसुद्धा. गोड होती बिचारी. खिडकीला पडदा किती लागेल ते तिनं वीत लावून मोजलं आणि विचारलं, "मावशी, संध्याकाळी ऊन येतं का हो इथे?" पट्टीताईनं तिला पाणी दिलं आणि येतं म्हणून सांगितलं.

आता जायला एकच दार होतं, लेकीचं. पण ते आपण होऊन ठोठावायची तिची हिंमत नव्हती. लेकीनंच म्हणायला हवं, "आई, ये आमच्याकडे." तसं ती म्हणाली तर आधी नाही म्हणायचं, मग बघू म्हणायचं, आणि मग जायचं. हे सगळं तिनं आरशासमोर उभं राहून ठरवून ठेवलं होतं, आणि त्या तयारीत हातून पपईवर फुली पडली.

"जाऊ दे," लेक शेवटी म्हणाली. तिनं बाह्या वर सारल्या आणि बादलीपाशी उकिडवी बसली. वरच्या बाजूला चोथा लागला नव्हता. तिथला तेवढा एक जाड काप तिनं अलगद काढून घेतला आणि नळाखाली धरला.

"अगं, पिंपातलं?"

"बादलीतलं."

"एकदा त्यात पडलं की संपलं. नियम आहे."

"मग बोलव तुझ्या साहेबाला. येऊ दे पट्टी घेऊन."

पट्टीताईला हसू आलं. ते आवरेना. लेकही हसली. कितीतरी वर्षांत दोघी एका ओट्यापाशी उभ्या राहून अशा हसल्या नव्हत्या, किंबहुना दोघी एका ओट्यापाशी उभ्याच राहिल्या नव्हत्या. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा पोरीला शाळेत असतानाच त्यांच्याबरोबर आत्याकडे पाठवलं होतं. तेव्हापासून भेट म्हणजे आत्याचं घर, नाहीतर कुणाचं लग्न, नाहीतर दवाखाना.

साल्सा करायला विस्तवाची गरज नाही. फळं बारीक चिरायची, कांदा, मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू पिळायचं, मीठ, झालं. पण त्यातही करणाऱ्याची खोड दिसतेच. पट्टीताईनं कांदा चिरून गार पाण्यात टाकला, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. मिरची उभी चिरून बिया काढल्या. मग फ्रिजमधून तिचे आंबे आणि अननस काढला. आंबे दगडासारखे. लेकीनं एक उचलून ओट्यावर ठोकून बघितला आणि आत कुणी आहे का म्हणून विचारलं. आईनं तिच्या हातावर हलकी चापट मारली.

कापताना मात्र तिनं मान अगदी खाली घातली होती. बोटं कुठे आहेत ते बोटांना कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी राखावं लागत होतं. सुरी टेकवायची, बोट बघायचं, दाबायची, पुन्हा बोट बघायचं. तरी तुकडे पडत होते ते एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. लेक शेजारी पपईच्या कापाशी झगडत होती. तिच्या सुरीखाली पपई सरकायची, फिसकटायची, चिरायच्या पाटावर तिचा निम्मा लगदाच झाला.

"तुझी बोटं अशी पांढरी का पडलीत?" लेकीनं मध्येच विचारलं.

आता. आता सांगून टाकावं. शब्द अगदी ओठांवर आले. पण सांगितलं की ती दयेनं ये म्हणेल, आणि पट्टीताईला तिनं दयेनं म्हणायला नको होतं. म्हणून ती म्हणाली, "थंडीनं गं. जुनंच आहे ते."

लेकीनं बरं म्हटलं आणि ती मीठ घालायला गेली. आईनं तिचा हात अडवला. मीठ शेवटी, खायला बसताना. आधी घातलं तर सगळं पाणी सुटतं. कारखान्यात तर मीठ डब्यात घालतच नाहीत, पुडीत वेगळं देतात. लेकीनं दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे, आणि मग लिंबू पिळता पिळता सहज बोलली की मागची खोली आम्ही रंगवून घेतली. फिकट पिवळा दिलाय. पूर्वी नुसती अडगळ होती, आता ओळखू येत नाही. खाट टाकलीय, खिडकीला जाळी बसवलीय, मोरीत धरायला दांडा लावलाय.

धरायला दांडा. म्हाताऱ्या माणसाशिवाय कुणासाठी लावतात दांडा? पट्टीताईचा जीव सुपाएवढा झाला. पोर मनातलं ओळखून बसली होती आणि आपण आपले आठवडाभर झुरत राहिलो. तिनं साल्सा काचेच्या वाडग्यात काढला, जपून ठेवलेल्या दोन बशा काढल्या, बेकरीतले टोस्ट मांडले आणि वरून मीठ भुरभुरवलं. तिनं खुर्ची लेकीला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. आता घास पोटात गेला की ती म्हणणार.

"दिसायला काय सुंदर झालाय," लेक म्हणाली.

तिनं टोस्टवर चमचाभर घेतला आणि खाल्ला. आंबा दाताखाली कचकन वाजला, तो आवाज खोलीभर ऐकू गेला. दुसरा घास तिनं नुसत्या पपईचा घेतला. तिसराही. आंब्याचे चौकोन तिच्या बशीच्या कडेला रांगेत जमायला लागले. पट्टीताईनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"बातमी काय म्हणत होतीस?"

"सांगितली की. खोली रंगवली."

"हो, पण..."

"सासूबाई येतायत राहायला. कायमच्या. गुडघे गेलेत त्यांचे, एकट्यांना जिने चढवत नाहीत. पुढच्या आठवड्यात आणायला जातोय."

पट्टीताईनं हातातला टोस्ट बशीत ठेवला. चांगलं झालं, ती म्हणाली. बरं केलंत. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "नशीबवान आहेत. त्यांना बरी रंगवलेली खोली मिळते."

सूर तिला वाटला होता त्यापेक्षा वाकडा निघाला. लेकीनं वर बघितलं.

"त्यांनी मुलाला जवळ ठेवलं होतं, आई."

"म्हणजे मी ठेवलं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हण की. आता म्हणच एकदा."

 लेकीनं बशीच्या कडेचा एक चौकोन बोटानं ढकलला. मग हळूच बोलायला लागली, रागावून नाही, जुनी गंमत सांगतात तशी. आत्याकडे गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिच्या हातात पिकलेला आंबा दिला, तर तिनं वास घेतला आणि हा नासलाय म्हणाली. आत्याची पोरं हसून हसून लोळली होती. तोवर तिनं आयुष्यात पिकलेला आंबा बघितलाच नव्हता. आंबा म्हणजे पांढरट, चौकोनी, कचकचीत. बाबा पडल्या पडल्या हसले होते. त्यांचं अर्धं अंग गेल्यावर ते इतके हसलेले ती एकच आठवण.

"ते होते तोवर तू दर रविवारी त्यांच्यासाठी डबा आणायचीस," ती म्हणाली. "फळांचा."

"एकसुद्धा रविवार चुकवला नाही."

"त्यांना चावता यायचं नाही, आई."

पट्टीताईनं बशी बाजूला सारली.

"एका बाजूचं तोंड गेलं होतं. चौकोन गालात अडकून राहायचे, मग ठसका. तू बसलेली असायचीस तोवर ते एक तुकडा तोंडात नुसता धरून ठेवायचे. तू गेलीस की आत्या बोट घालून काढायची. बाकीचे आम्ही पोरं खायचो."

"मग सांगायचं. कुणी तरी सांगायचं मला."

"आत्या सांगणार होती. बाबांनीच सांगू दिलं नाही. त्यांचं बोलणं कळायचं नाही, पण हे कळलं होतं. म्हणाले, तिनं इतकं मोजून कापलंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती फुरफुरायची आणि बंद पडायची. पट्टीताईला आत्याच्या घरातली ती खाट आठवली, नवऱ्याचा फुगलेला गाल आठवला. तो गाल बघून तिला वाटायचं, सुधारतोय, अंगावर मांस धरतोय. तसं ती परत येताना बसमध्ये स्वतःशी म्हणायचीसुद्धा.

मग ती भांडायला लागली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणाली, मी घरी बसले असते तर खाल्लं काय असतं आपण? त्यांची औषधं कुणी आणली असती? ही खोली बघ, हा पलंग बघ, दुसरी खाट कुठे टाकणार होते? भिंतीला टांगणार होते का माणसाला? दिवसपाळी, रात्रपाळी, मध्ये त्यांना कुणी उचललं असतं? लेक म्हणाली, हे सगळं मला माहीत आहे. माहीत आहे तर मग बोलतेस का, आईनं विचारलं. तूच म्हणालीस, बोल एकदा.

"बाबांचं मला कळतं," लेक म्हणाली. "खरंच कळतं. मी तर चालती-फिरती होते ना? मला कशाला पाठवलंस? मला काय उचलावं लागत होतं?"

याचं उत्तर होतं. वडिलांजवळ घरचं कुणीतरी हवं, असं तेव्हा वाटलं होतं. आणि रात्रपाळीला पोरीला एकटी खोलीत कोंडून जाताना तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. पण ही उत्तरं तिनं आजवर कधी काढली नव्हती आणि आता काढली तर ती ऐनवेळी शोधल्यासारखी वाटली असती. तिनं टोस्टचा चुरा बशीत गोळा केला. लेक थोडी थांबली. आई आता तरी काही सांगेल, अशी कदाचित ती शेवटची वाट बघत होती. मग तिनं नाक पुसलं, उठली, आणि बशी मोरीत नेऊन ठेवली.

"निघते. शेवटची बस चुकेल," ती म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं. शेवटच्या बसला अख्खी दुपार पडली होती.

तिनं पर्स खांद्याला लावली. पट्टीताई पलंगाच्या कडेवरच होती. तिला वाटलं, आता नाही तर मग कधीच नाही, आणि तिनं जे बोलायचं नाही म्हणून ठरवलं होतं तेच बोलायला सुरुवात केली. पाठमोऱ्या लेकीला तिनं सांगितलं की सुरी काढून घेतली माझी. बोटांत काही उरलं नाही, चटका कळत नाही, काप कळत नाही. महिनाअखेरीला खोली सोडायचीय, नवी मुलगी पडद्याचं माप घेऊन गेली. अननसवालीनं स्वतः राहायला ये म्हणून विचारलं होतं, पण तिच्याकडेच सहाजण झोपतात, एक तर दारात. बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची ते सांगावं तसा.

लेक दाराकडे तोंड करून ऐकत होती. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"मागची खोली सासूबाईंना राहू दे," पट्टीताई म्हणाली. "मला खोली नको. स्वयंपाकघरात पथारी टाकली तरी चालेल. सकाळी तुम्ही उठायच्या आत गुंडाळून ठेवेन. येऊ का मी तुझ्याकडे?"

लेकीचे खांदे एकदा वर झाले, श्वास घेतल्यासारखे.  तिनं वाकून दुसऱ्या चपलेचा पट्टा टाचेवर ओढला, तो नीट बसेना, पुन्हा ओढला. मग सरळ झाली, कडी काढली, आणि दार ओढून न घेता जिना उतरून गेली.